चाचणीचा तुकडा

एकाहत्तरच्या युद्धानंतर महाल भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये दारूगोळा कारखान्यातला एक तपासनीस रोज माझ्या शेजारी बसे. बसचा दांडा नखाने ठोकून आवाज ऐकायची त्याला सवय होती. तोफगोळ्यांचं पोलाद तपासणं हेच त्याचं काम.

एके दिवशी तो संतापून चढला. पोलाद पुरवणाऱ्या ठेकेदाराने चाचणीसाठी स्वतःच निवडलेला तुकडा आणला होता आणि साहेब म्हणाले, सही कर.

"काहून करू भाऊ? तुकडा त्याच्या पसंतीचा, अन् गोळा फुटन जवानाच्या तोफेत! मी म्हटलं, मालातला दांडा माह्यासमोर कापा. कापला, तं आतून भेगा!"

माझा धाकटा भाऊ तेव्हा तोफेवर होता. माझं डोकं तापलं. "मग?"

"तेवढा माल परत गेला. अन् मले गोदामात टाकलं."

"आता तुमच्या जागी कोण आहे?"

"सही करणारा."