बाजेखाली बिबट

आंबेटोल्यात कुणाला दिवस गेले, की सातवा लागायच्या आत रिनाकडे निरोप जातो. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, तान्ह्या बाळाचं सगळं तीच शिवते. मूल नावाच्या तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांतही तिला 'टोपरेवाली रिना' म्हणूनच ओळखतात. खोब्रागडे हे आडनाव फक्त रेशनच्या दुकानात लागतं. ती नवं कोरं कापड सहसा वापरत नाही. बायका आपापली जुनी सुती लुगडी आणून देतात, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. कडा मशीनवर मारायच्या, पण बाळाच्या काखेला, मानेला लागणारी शिवण हाताने घालायची, हा तिचा नेम. मशीनची शिवण तिथे टोचते.

लोकांना वाटतं, रिनाला शिवणाची आवड. खरं म्हणजे तिला जंगलाची भीती वाटते, म्हणून ती शिवते.

आधी तीही सगळ्यांसारखी जंगलात जायची. मोहफुलं, तेंदूपत्ता, झाडूचं गवत, जे मिळेल ते. बरोबर शेजारची ललिता कन्नाके असायची. एका चैत्रातल्या पहाटे दोघी एकाच मोहाखाली फुलं वेचत होत्या. ललिता वाकलेली होती. रिनाने टोपली सरकवायला पाठ फिरवली, तेवढ्यात मागे पाला वाजला. वळून पाहिलं, तर ललिताची टोपली आडवी पडलेली, फुलं सांडलेली, आणि ललिता नव्हती. रिनाने ओरडायला तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. गावाकडे धावत आली तेव्हाही तिला शब्द बोलता येईना. तिने हाताने दिशा दाखवली, त्यावरून माणसं काठ्या घेऊन गेली. ललिता जिवंत सापडली नाही.

तेव्हापासून रिना गावाच्या शेवटच्या हातपंपापुढे गेली नाही. नवरा संघपाल मूलला धानाच्या राइस मिलमध्ये कामाला. तो समजून होता. सासू मीराबाईला मात्र ते पटत नव्हतं. तरुणपणी एकटीने जंगलातून मोळ्या आणलेली ती बाई. आता कानाने जवळजवळ ठार बहिरी, पण आवाज अख्ख्या टोल्याला ऐकू जाणारा.

"वाघ काय फक्त तुह्याचसाठी जन्मला हाये काय व?" ती विचारायची.

शेवटी मीराबाईनेच नात्यातल्या एकीकडून पायाची जुनी मशीन आणवली आणि घरात ठेवून म्हणाली, "जंगलात नाई जात त इथी बस. पण रिकामी बसू नको. रिकाम्या माणसाले भेव जास्त लागते."

ते खरं निघालं. मशीन चालू असली की बाहेरचं काही ऐकू येत नसे, आणि ऐकू आलं नाही की रिनाचं काळीज जागेवर राही. पाय थांबला की सगळं परत ऐकू यायचं: कोंबड्यांची फडफड, पानांची सळसळ, कौलावरून पळणारं काहीतरी. घर म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या दाराशी उजेडात मशीन. मागच्या भिंतीला मीराबाईची बाज आणि तिच्या खाली लुगड्यांचं गाठोडं. बाजेच्या उशाशी मागचं दार. ते सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत उघडायचं. सांदवाडीच्या पलीकडे रायमुनियाची झुडपं आणि तिथून सरळ जंगल. त्या दाराची खालची फळी कुजून गेली होती. रिना रोज त्याला आतून दगड लावायची. संघपाल म्हणायचा, "धान निघालं का नवा दरवाजा लावतो."

धान निघायच्या दिवसांतलीच ती दुपार. सगळं गाव धानाच्या बांधीत, नाहीतर खळ्यावर. मीराबाई जेवून बाजेवर आडवी झाली होती. रिना मशीनवर एक दुपटं शिवत होती. साधं दुपटं नव्हतं ते. ललिताची मुलगी दिव्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात बाप जंगू एकटा. त्याने बायकोचं हिरवं लुगडं पेटीतून काढून रिनाला आणून दिलं होतं आणि एवढंच म्हणाला होता, "पोरीले माय नाई, लेकराले आजी नाई. हे तरी अंगावर राहू दे."

कोंबड्या ओरडल्या. मग एकदम गप्प झाल्या. रिनाने पाय थांबवला नाही. डोळ्याच्या कडेने तिला मागच्या दाराशी पिवळसर काहीतरी हललेलं दिसलं. जंगूचा कुत्रा तसाच होता, आणि तो फळीतून आत घुसायचा.

"हाड्!" ती मान वर न करता म्हणाली.

कुत्रा निघाला नाही. वास आला. ओल्या कातड्यासारखा, उग्र. तिने पाहिलं. दगड सरकलेला होता. बाजेखाली लुगड्यांच्या गाठोड्यावर काहीतरी दाटून बसलं होतं, आणि बाजेच्या पायाशी जमिनीवर शेपटीचं टोक हळूहळू उजवीकडे, मग डावीकडे जात होतं. त्यावर काळे ठिपके होते.

रिनाचा पाय थांबला. बाजेखालून गुरगुर आली, फार मोठी नव्हे, पण ती फरशीतून तिच्या तळव्यांना जाणवली. वर मीराबाई झोपलेली. तिचा एक हात बाजेवरून खाली लोंबत होता, बोटं त्या गाठोड्याच्या अगदी वर.

रिनाचा पाय आपोआप दाबला गेला. मशीन सुरू झाली. गुरगुर थांबली.

मशीनच्या आवाजाने थांबली, की आपली आपण थांबली, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण त्या वेळी रिनाला एकच कळलं, की पाय थांबवायचा नाही. पुढचं दार तिच्या हाताशी होतं. उठून एक पाऊल टाकलं असतं तर ती अंगणात होती. पण मशीन थांबली असती. आणि सासूला, आत्याबाईला, हाक मारून उपयोग नव्हता. ऐकू गेलीच असती तर त्या बाजेवरून पाय खाली सोडूनच उठल्या असत्या.

ती शिवत राहिली. दुपट्याची कड संपली, तिने कापड फिरवलं, त्याच कडेवरून परत शिवण घातली. परत फिरवलं. कापड आडवं गेलं, तिरपं गेलं, ती बघतही नव्हती. तिची नजर त्या लोंबणाऱ्या बोटांवर होती. दोरा तुटला तरी सुई वरखाली होत राहिली. पाठीवरून घाम इतका वाहत होता, की आपल्या घामाचा वास त्याला जाईल, असं तिला वाटायला लागलं. ललिताच्या टोपलीजवळ सांडलेली फुलं तिला दिसायला लागली. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले तर बोटं दिसणार नव्हती.

मीराबाई जागी झाली. कुशीवर वळून तिने सवयीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "चहा मांडतं का व?"

शेपटी थांबली.

रिनाने मान हलवली. नाही, नाही. एक हात वर करून पंजा दाखवला: थांबा. मीराबाईने सुनेचं तोंड पाहिलं आणि तिची झोप उडाली.

"का झालं? साप हाये काय?"

रिनाने ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट बाजेखाली दाखवलं, आणि हाताची पाची बोटं वाकवून नखं केली. त्या घरात हातवाऱ्यांनीच बोलणं चालायचं, म्हातारीला समजायला वेळ लागला नाही. तिने लोंबता हात उचलून छातीशी घेतला. वाकून पाहिलं नाही. हळूच बाजेवर बसली, मग गुडघ्यांवर आली.

बाजेच्या पायथ्याशी धान ठेवायची पत्र्याची मोठी पेटी होती, आणि पेटीपासून मशीन जवळ. रिनाने डोळ्यांनी पेटी दाखवली. मीराबाईने बाजेवरून पेटीवर गुडघा टाकला. पत्रा वाजला. बाजेखाली गुरगुर झाली. रिनाने पाय एवढा जोरात मारायला घेतला, की मशीन जागची हलायला लागली. मीराबाई पेटीवर तशीच ओणवी राहिली. मग तिने पाय खाली सोडला, जमिनीवर आली, आणि भिंतीला धरत मशीनपर्यंत पोचली.

"चाल," ती म्हणाली. या वेळी अगदी हळू, कशी कोण जाणे.

रिना उठेना. उठायचं होतं, पण पाय पायडलवर चालतच होते. कंबरेखाली आपलं काही आहे, हेच तिला कळेनासं झालं होतं. मीराबाईने तिची वेणी धरली, दुसऱ्या हाताने दंड धरला आणि खुर्चीसकट ओढली. दोघी उंबऱ्यावरून अंगणात पडल्या. म्हातारीनेच उठून दार ओढलं, कडी घातली, आणि मग अशी बोंब मारली, की खळ्यावरची माणसं कोयते टाकून धावत आली.

पुढचं सगळं गर्दीत झालं. वनखात्याची माणसं आली, लोकांना मागे हटवलं, मागच्या दाराला जाळी लावली. डॉक्टरने दोन कौलं काढून वरून बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं. पिंजरा गाडीत चढवताना रिनाने बिबट पहिल्यांदा पुरता पाहिला. मादी होती, बरीच वाळलेली.

"ताई, तीच लय घाबरली होती," वनरक्षक समजावायला म्हणाला. "गावात कुत्रे मागं लागले असतील, म्हणून घुसली."

"मंग मले का लागलं होतं, थंडी?" रिना म्हणाली. तिथे जमलेली माणसं हसली. ती हसली नाही.

मोबाइल घेऊन पोरं आली, नंतर बातमीवालेही आले. 'सुनेने मशीन चालवून सासूचे प्राण वाचवले' असं गावोगाव झालं. रिना प्रत्येकाला सांगायची, "मी काई वाचवलं नाई जी. माहे पायच थांबत नव्हते. आत्याबाईनं वढलं मले." लोकांना तो विनय वाटायचा. दर वेळी तेच सांगून सांगून ती थकली आणि मग तिने ते सांगणं सोडलं.

त्याच आठवड्यात मीराबाईला ताप भरला. कधी कशाला न घाबरलेली ती बाई झोपेत हात छातीशी ओढून घ्यायची. ताप उतरल्यावर ती उठली, बाजेखालचं गाठोडं अंगणात घेतलं आणि त्यावर रॉकेल ओतलं. रिना आडवी आली. त्यात वर्षानुवर्षांची मऊ लुगडी होती. तशी परत कुठून आणणार? पण काही बायकांनी निरोप पाठवले होते, की त्या लुगड्याची चिंधी द्या, लेकराच्या गळ्यात बांधू, त्याला भेव लागणार नाही. मीराबाईला त्याचाच संताप होता.

"आपण दीक्षा घेतली ते चिंध्या वाटाले घेतली काय?" ती म्हणाली. "आज चिंधी मागतीन, उद्या तुह्या पाया पडतीन. जाऊ दे व. जळू दे."

जळालं. कितीही धुतलं तरी जनावराचा वास गेला नसता, हे रिनालाही माहीत होतं. पण ती चुलीपाशी बसून रडली. काही घरांनी तिच्याकडे शिवायला देणं बंद केलं. ज्या घरात जनावर बसलं त्या घरातलं कापड तान्ह्याला नको, असं त्यांचं म्हणणं.

हिरवं दुपटं तेवढं वाचलं होतं, कारण ते गाठोड्यात नव्हतं, मशीनवर होतं. पण त्याची दशा झाली होती. आडव्यातिडव्या शिवणी, मधे नुसतीच सुई पडून झालेली भोकं. तिने उसवायला घेतलं, तर जुनं सूत फाटायला लागलं. शेवटी ते तसंच घेऊन ती दिव्याकडे गेली. ललिताच्या अंगणात पाय ठेवायची तिची त्या पहाटेनंतरची ती पहिलीच वेळ. दिव्या पोट सांभाळत बाहेर आली.

"बिघडलं व पोरी," रिना म्हणाली. "तुह्या मायचं लुगडं मी बिघडवलं."

दिव्याने ते उलगडून पाहिलं. मग रिनाकडे पाहिलं. "काकू, मायसंग तुमीच होत्या न? तवा काय झालं, मले कोणीच सांगत नाई. बाबा त बोलतच नाई."

रिना ओट्यावर बसली. आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं तिने सांगितलं: टोपली, पाला, सांडलेली फुलं, आणि न निघालेला आवाज. दिव्या रडली, पण तिने मधे थांबवलं नाही. शेवटी तिने दुपटं घडी करून मांडीवर ठेवलं. "राहू द्या. हेच पायजे मले," ती म्हणाली.

दुपटं मिळालं तरी झबल्यांना कापड नव्हतं. दिवस भरत आले होते. मूलला जावं लागणार होतं, आणि मूलचा रस्ता जंगलातून. संघपाल म्हणाला, "मी आणून देतो." पण मऊ मलमल हाताने चोळून घ्यावी लागते, ते त्याला कळणार नव्हतं. रिनाने दोन दिवस टाळाटाळीत काढले. तिसऱ्या सकाळी मीराबाईच लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"मी येतो तुह्यासंग," ती म्हणाली. मग दुसरीकडे पाहत, "मलेबी एकटीले घरी भेव लागते आता."

ऑटोत दोघी मधल्या सीटवर बसल्या. हातपंप मागे गेला. दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला तशी रिनाने सीटची दांडी धरली. नजर समोरच्या माणसाच्या शर्टाच्या कॉलरवर ठेवली, त्या कॉलरची शिवण उसवली होती. एका वळणावर काहीतरी रस्ता ओलांडून गेलं. रानडुक्कर असेल. ऑटोतल्या कुणी दखलही घेतली नाही. रिनाने मात्र सासूचा हात धरला होता, आणि सासूनेही तो सोडला नाही.

दिव्याला मुलगी झाली. रिनाकडे हळूहळू पुन्हा लुगडी यायला लागली, सगळ्या घरांतून नाही, पण येतात. मागच्या दाराला आता लोखंडी पत्रा आहे. भीती गेली, असं रिना कुणाला सांगत नाही. दुपारी मशीन चालू असली तरी ती दर थोड्या वेळाने पाय थांबवते आणि मान वळवून खोलीभर पाहून घेते. मीराबाई दुपारी झोपत नाही. ती मशीनपाशी चटईवर बसून सुईत दोरा ओवून देते, आणि डोळ्यांना जवळचं नीट दिसत नसलं तरी रिनाला ओवू देत नाही.