सगळी चूक माझीच

खांग सूयुन ही अशी मुलगी, की कॉलेजच्या खानावळीत कोणी तिच्या पायावर पाय दिला तरी माफी तीच मागायची. वसतिगृहाच्या खोलीतल्या सहा जणींत वयानं तिसरी, म्हणून सगळ्या तिला ‘तिसरी’च म्हणत. चीनच्या गान्सू प्रांतातल्या डोंगरातून शिक्षिका व्हायला आलेली. गावच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंची जागा रिकामी होणार होती, आणि आईनं ती लेकीच्या नावावर करून अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

शेवटच्या वर्षी खोलीतली थोरली, तौ लिंगफै, हिनं तिचा निबंध ‘नुसता बघायला’ म्हणून नेला आणि तसाच्या तसा स्वतःच्या नावानं देऊन टाकला. इंग्रजीचे हार्डिंग सर कॅनडाहून आलेले, अगदी नवेकोरे. त्यांनी दोघींना ईमेल धाडला: निबंध एकच आहे, खुलासा करा.

थोरलीनं एका ओळीत उरकलं: निबंध माझा आहे.

तिसरी मात्र संध्याकाळभर उत्तर लिहीत बसली. आधी सरांच्या खोकल्याची चौकशी. मग थंडी वाढलीय, जाड कपडे घाला. मग सगळी चूक माझीच, तुमचा मोलाचा वेळ मी वाया घालवला, मला हवं तेवढं रागवा.

“अगं, पण थोरलीनं ढापला हे कुठंय यात?” शेजारच्या पलंगावरून धाकटी वाकून म्हणाली.

“पहिल्याच पत्रात कारणं सांगितली तर उलट बोलल्यासारखं होतं. आधी आपण वाकायचं. मग सर म्हणतील, छे छे, एवढं काय मनाला लावून घेतेस, झालं काय ते सांग. तेव्हा सांगायचं.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“असं कसं नाही म्हणतील?”

तिचं तरी काय चुकलं? तिच्याकडे भेटवस्तूसुद्धा दोनदा-तीनदा परत ढकलल्याशिवाय कोणी घेत नाही. सरांनी तिची माफी पहिल्याच झटक्याला उचलली. उत्तर आलं, ‘प्रामाणिक कबुलीबद्दल आभार’, आणि तिचं पत्र थेट ऑफिसात गेलं.

वर्गाची देखरेख करणाऱ्या श्यूए बाईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. “पोरी, मला कळतं गं तुला काय म्हणायचंय. पण वरचे लोक जे लिहिलंय तेवढंच वाचणार.”

मग तिनं दुसरं पत्र लिहिलं, सगळं खरं. सर म्हणाले, आधी कबूल करतेस आणि आता मैत्रिणीवर ढकलतेस? हे तर त्याहून वाईट.

तिच्या निबंधाला शून्य, आणि कागदपत्रांत नकलेचा कायमचा शेरा. शेरेवालीला शाळेत कोण घेणार? थोरली आठवडाभर तिच्याशी फार गोड बोलत होती. संत्री सोलून देत होती, आणि तिसरी प्रत्येक फोडीला ‘कशाला त्रास’ म्हणत होती.

आईला फोनवर सांगावंच लागलं.

“सरांची माफी मागितलीस का?”

“मागितली.”

“मग परत माग,” आई म्हणाली. “आणि या खेपेला मध्ये कारणंबिरणं घालू नकोस.”