वाइंडिंगवाल्या काकूंचा रेडिओ

पाण्याची मोटर बिघडून दुकानात आली की काकू आधी ती चालू करून बघत. पेचकसाचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मोटर आणणारा तोवर आपली कहाणी सांगत असायचा.

"थांब बाप्पा," काकू म्हणायच्या. "आधी तिले बोलू दे."

मी तेव्हा आसेगावजवळच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. शाळेसमोर, बौद्धवस्तीच्या तोंडाशी, त्यांचं वाइंडिंगचं दुकान. काम नवऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या. तो गेल्यावर एकटीनं चालवलं. मोटरमध्ये तांब्याची तार भरताना त्या मनात वेढे मोजत. तेव्हा कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. पुष्कळांना तो ताठा वाटायचा.

एका पावसाळ्यात शेतवाटेवर विजेची तार तुटून पडली. पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, पण तो भोंगा वरच्या गल्लीपुरताच. मोबाइलवर निरोप फिरला. निंदणाला निघालेल्या बायांच्या हातात विळा असतो, मोबाइल नसतो. काकूंची शेजारीण त्या वाटेनं गेली आणि परत आली नाही.

काही दिवसांनी काकूंनी मला दुकानात बोलावलं. टेबलावर जुन्या टीव्हीच्या पोटातले भाग पसरले होते.

"सर, मले रेडिओ काढाचा आहे. गावापुरता."

"कशासाठी?"

"सांगाले."

पहिला रेडिओ हवेतला होता. चार दिवस लोक मोबाइलच्या एफएमवर काकूंना ऐकत होते. पाचव्या दिवशी ठाण्यातले जमादार आले, चहा प्याले आणि परवान्याशिवाय हे चालायचं नाही असं समजावून गेले. काकूंनी वाद घातला नाही. यंत्र उघडून सुटे भाग डब्यात टाकले.

"हवा सरकारची आहे," त्या म्हणाल्या. "तार तं आपली आहे ना?"

मग घरोघरी तार जाऊ लागली. प्रत्येक घरात खोक्यात बसवलेला एक जुना स्पीकर. लांब गेल्यावर आवाज पातळ पडू नये म्हणून लागणारा ट्रान्सफॉर्मर काकूंनी स्वतः गुंडाळला. मी शिडी धरायचो.

तार वरच्या गल्लीत न्यायला मधलं एक छत ओलांडावं लागत होतं. "आमच्या घरावरून तुमची तार नाही पाह्यजे," घरमालक म्हणाला. काकूंनी कारण विचारलं नाही. मला ते कळलं होतं, आणि तुम्हालाही कळलं असेल. मशिदीजवळच्या शिंपी चाचांनी आपलं छत दिलं. "ले जा बेटी, छत घिसती थोड़ी है." तिथून वळसा घेत, नाल्याकाठच्या बाभळींवरून तार वर गेली. दुप्पट लागली.

रोज सकाळी सहाला काकू बोलायच्या. गळा काही गोड नव्हता. कोणाची शेळी कोणाच्या गोठ्यात सापडली, कारंजाला सोयाबीनचा भाव काय निघाला, एसटी येणार की नाही, कोणत्या वाटेवर तार लोंबते आहे. आणि शेवटी, "झालं. आता कामाले लागा."

वर्षभरानं तो घरमालक दुकानात आला. काकू मोटरमध्ये तार भरत होत्या.

"मायले दिसत नाही आता," तो म्हणाला. "शेजारच्या खोक्यातलं आयकाले भिंतीले कान लावून बसते."

काकूंनी हातातले वेढे पुरे केले. उठल्या, फळीवरचा एक स्पीकर काढला, पदरानं पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"तार आमच्या छतावरून सरळ घ्या मंग," तो म्हणाला. "एवढा वळसा कायले?"

"राहू द्या. चाचाकडून चांगली चालून राह्यली."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भाव सांगता सांगता काकू थांबल्या. "थांबा जरा," एवढंच म्हणाल्या, आणि मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो साऱ्या गावानं ऐकला. चारी गल्ल्यांतून लोक धावले. गाडी त्या घरमालकानंच काढली. दोन दिवसांनी वाशिमच्या दवाखान्यातच काकू वारल्या.

मला मात्र आठवते ती काकू पडल्या त्या दिवसाची दुपार. घाईत कोणी दार ओढून घेतलं होतं आणि माइक चालूच राहिला होता. शाळा सुटल्यावर मी तो बंद करायला निघालो. वाटेतल्या प्रत्येक घरातून काकूंची रिकामी खोली ऐकू येत होती. घड्याळाची टिकटिक, पत्र्यावर चिमण्यांचं नाचणं. कोणीही खोक्याचं बटण फिरवलं नव्हतं.

मी कडी काढली. दार करकरलं. लगेच समोरच्या, बाजूच्या घरांतून बाया बाहेर आल्या. एकीनं विचारलं, "काकू आली का?"

"मी आहे," मी आतून म्हणालो, आणि तेही घरोघरी ऐकू गेलं.