डाव्या बाजूची रिकामी जागा

माझं औषधांचं दुकान मैदानाच्या कडेला आहे. काउंटरमागच्या स्टुलावर बसलं की एक गोलपोस्ट, राखीव खेळाडूंचा बाक आणि मैदानाची डावी बाजू स्वच्छ दिसते. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण गोळ्या मोजून मोजून काहीही मोजायची खोड लागली आहे. एका रविवारी आमच्या वस्तीच्या संघाचे खेळाडू मोजले, तर दहा निघाले. परत मोजले, दहाच. आणि अकरावा माणूस, म्हणजे आमचा न्हावी, चांगला धडधाकट, बूट बांधून बाकावर बसलेला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि तिन्ही वेळा सडकून हार.

त्याच सुमाराला दुसरं एक कोडं पडलं. सोमवारी संघाचा कॅप्टन बोटाला लावायची चिकटपट्टी घेऊन गेला. मंगळवारी प्लंबर आला, त्याने सहा नेल्या. बुधवारी शाळेतले चित्रकलेचे मास्तर अंगठा रुमालात गुंडाळून हजर. फुटबॉल खेळणाऱ्यांचे घोटे सुजतात, गुडघे फुटतात, ते मी समजू शकते. यांची बोटं कशी कापतात?

नवरा म्हणतो, मला नसत्या पंचायती फार. असतील. पण प्रश्न पोटात ठेवून मला जेवण जात नाही. दुसऱ्या मंगळवारी प्लंबर परत आला तेव्हा मी चिकटपट्ट्यांचा डबा हातातच धरून ठेवला.

"आधी सांग, हे काय चाललंय?"

"काच कापतोय, ताई."

"तू पाइप सोडून काच कधीपासून कापायला लागलास?"

"खिळ्याचा पाय मोडलाय ना, तेव्हापासून."

खिळा म्हणजे आमचा काचवाला. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या चौकटी, हे त्याचं काम. मामाच्या हाताखाली शिकला आणि मामा गेल्यावर दुकान त्यानेच चालवलं. बोलायला एकदम कंजूष. रस्त्याने जाताना कुणाच्या खिडकीची काच सैल दिसली, तर थांबून बोटाने टकटक करून बघणार आणि काही न बोलता पुढे जाणार. अनोळखी लोकांना तो चोर वाटायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटांना काचा बसवायला गेला आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंशी लग्न करून आला. एवढी काचेची कपाटं त्या शाळेत फुटली कशी, हे मी अजून शोधते आहे. सोळा वर्षं तो संघाच्या डाव्या बाजूला मागे खेळला. एकदा तिथे उभा राहिला की हलायचा नाही, म्हणून खिळा.

तीन महिन्यांपूर्वी बॉल अडवताना तो घसरत गेला आणि त्याचा पाय गोलपोस्टच्या खांबावर आपटला. तो आवाज माझ्या काउंटरपर्यंत आला होता. नडगीचे दोन तुकडे झाले, गुडघा पार उलटा फिरला. हाडात पट्टी आणि स्क्रू बसवल्यावर, आता खऱ्या अर्थाने नावाला शोभतोस म्हणून संघाने त्याची थट्टाही करून घेतली.

पुढचं प्लंबरने सांगितलं. हॉस्पिटलमध्ये खिळा शुद्धीवर आला तेव्हा कॅप्टनने त्याचा हात धरून शब्द दिला, की तुझं दुकान बंद पडणार नाही आणि तुझ्या जागेवर कुणी उभा राहणार नाही. कॅप्टन बस चालवतो, दुपारच्या पाळीला. सांगितलेल्या थांब्याच्या चार पावलं पुढे बस नेणार नाही, असा माणूस. दुकानासाठी त्याने वार वाटून दिले, रोज सकाळी एकजण. खिळा खुर्चीत पाय खोक्यावर ठेवून सांगणार आणि हे कापणार. आणि जागेवर कुणी उभा राहणार नाही म्हणजे नाही. मैदानाची डावी बाजू मोकळी ठेवून दहाजण खेळायचे.

"आणि न्हावी?" मी विचारलं.

"तो म्हणतो, मी उतरतो. कॅप्टन म्हणतो, शब्द म्हणजे शब्द."

मला हसू आलं आणि रागही आला. समोरच्या संघांना दुसऱ्याच मॅचला अक्कल आली होती. बॉल मिळाला की तो डावीकडे ढकलायचा, तिथे अडवायला कुणी नाहीच. यांच्यावर गोलामागून गोल. न्हाव्याची तर मला कीवच आली. तीन वर्षं राखीव, आणि आता जागा रिकामी असूनही राखीवच. तरी सगळ्या संघाचे केस तोच कापत होता, तेही सरळ. मी असते तर एखाद्याचा कान तरी ठेवला नसता.

मग मला वेगळीच शंका यायला लागली. खिळा आता कुबड्यांवर फिरू लागला होता. दर आठवड्याला दुखण्याच्या गोळ्या घ्यायला माझ्याकडे यायचा, पण मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय, तो एकदाही मॅच बघायला का येत नाही? पाचव्यांदा आला तेव्हा मी त्याला आत बसवलं आणि सरळ विचारलं.

त्याने कुबडीचं रबर अंगठ्याने दाबून बघितलं. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, चालशील, जिना चढशील, दुकानात उभा राहशील. खेळणं विसर."

"हे कधी म्हणाले?"

"महिना झाला. बायकोला माहीत आहे. ती म्हणते, सांगून टाका. तिला काय."

"अरे, मग सांग ना. ती पोरं तुझ्यासाठी हरतायत तिकडे."

"सांगितलं तर दुकानात कोण येईल, ताई? ते येतात ते डावीकडच्या खेळाडूसाठी. काचवाल्यासाठी कशाला येतील?" कुबडी जवळ ओढत तो म्हणाला, "दुकानाचं बायको बघेल काहीतरी. पण ते यायचे थांबले, तर मी सोळा वर्षं कुणाबरोबर होतो?"

धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी त्याची गत होती. मी गोळ्या दिल्या आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

शेवटची मॅच आली. स्पर्धेत सगळ्यांत खाली राहणाऱ्या संघाची रविवारी मैदान मिळायची वेळ जायची होती, आणि आमचे तळातच होते. जिंकले तरच वाचणार. मध्यंतरापर्यंत दोन गोल खाल्ले, दोन्ही डावीकडून. तेवढ्यात खिळा कुबड्या टेकत मैदानाच्या कडेने येताना दिसला. पाठोपाठ त्याची बायको, पण चार पावलं मागे राहून. मी दुकानाला कुलूप लावलं. अकरा वर्षांत रविवारी पहिल्यांदा.

मी पोहोचले तेव्हा त्याचं सांगून झालं होतं. कॅप्टनचा चेहरा लाल.

"कधी कळलं तुला?"

"सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे." कॅप्टनने हातातली पाण्याची बाटली खाली आपटली. "सहा मॅच हरलो आम्ही. तोंड शिवलं होतं का तुझं?"

कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. प्लंबर दुसरीकडे बघत होता. मला वाटलं होतं, गळ्यात पडतील, रडतील. तसं काही झालं नाही. कॅप्टन न्हाव्याकडे वळला.

"बूट बांध."

"बांधलेलेच आहेत," न्हावी म्हणाला. "तीन वर्षं बांधतोय."

मध्यंतरानंतर खिळा रेषेबाहेर उभा राहून न्हाव्याला ओरडून सांगत होता, मागे ये, पाय बघू नकोस, बॉल बघ. जन्मात त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. डावीकडून एकही गोल झाला नाही. आमच्यांनी एक केला, तो पुरला नाही. हरले, रविवारची वेळ गेली, आणि मोजे काढून एकेकजण खिळ्याशी न बोलता निघून गेला. तो बाकावर बसून राहिला. शेवटी बायकोने कुबड्या हातात दिल्या.

सोमवारचा वार कॅप्टनचा. सकाळी नऊला मी आरशाचं निमित्त काढून काचेच्या दुकानात गेले. खिळा खुर्चीत होता, नजर दारावर. साडेनऊ झाले. आरसा केवढा हवा म्हणून त्याने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकलं नाही. पावणेदहा झाले.

"त्यांची काही चूक नाही," तो म्हणाला, मी काही विचारलं नसताना.

दहाला पाच कमी असताना कॅप्टन आला. ना नमस्कार, ना चमत्कार. बाही वर केली, कटर घेतला, टेबलावरची चिठ्ठी वाचली आणि कापायला लागला. खिळा म्हणाला, मोजपट्टी घट्ट धर. त्याने घट्ट धरली. बारा वाजेपर्यंत तीन तावदानं झाली. मी आरसा केव्हाच ठरवला होता, पण माझा पाय निघत नव्हता. शेवटी कॅप्टनने हात धुतले आणि बसच्या पाळीला निघाला.

"मी आता खेळणार नाही," खिळा त्याच्या पाठीला म्हणाला. "कळलंय ना तुला?"

"काल ऐकलं की. बहिरा आहे का मी?" कॅप्टन चप्पल घालत म्हणाला. "उद्या प्लंबर येईल. त्याच्या हातात मोठी काच देऊ नकोस."

तो गेला. खिळ्याने मान हलवली आणि मग, दुकान उघडं होतं, मी समोर उभी होते, तरी तो हुंदके देऊन रडला.