कव्हरासकट बसवलेली कँडल

प्लंबरने फिल्टरचं निळं भांडं पान्याने सैल केलं, आतली पाणी गाळायची पांढरी कँडल बाहेर काढली आणि तो नुसताच आमच्याकडे बघत राहिला. कँडलवर प्लॅस्टिकचं कव्हर जसंच्या तसं होतं. वरून बुळबुळीत थर साचलेला, कडेला एक बारीकशी चीर. तिथूनच काय ते पाणी वाट काढत असावं. नळाची धार करंगळीएवढी का झाली, म्हणून त्याला बोलावलं होतं.

"ही कोणी बसवली?" त्याने विचारलं.

"मी," मावशी म्हणाली.

ही माझी सख्खी मावशी. आमच्या लाँड्रीत पॅकिंगला उभं राहून तिचे केस पांढरे झाले. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुऊन, प्रेस होऊन तिच्या टेबलावर येतात आणि ती त्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून सील करते. तिचा कायदा एकच, कव्हर फाटलं की माल घाण. कुणाच्या नखाने सील उचकटलं तरी अख्खा गठ्ठा परत धुवायला जायचा. तिच्या तोंडी लागायची कुणाची बिशाद नव्हती, सुपरवायझरचीसुद्धा नाही.

अशा बाईच्या हातात सीलबंद, कोरी करकरीत कँडल आली. ती सील कशाला फोडेल? प्लंबर लोक हात न धुता कामाला लागतात, असा तिचा पक्का समज. म्हणून स्वतःच स्टुलावर चढली, कँडल कव्हरासकट आत ठेवली आणि भांडं घट्ट फिरवून बंद केलं. खाली स्टूल मी धरलं होतं. मलाही काही खटकलं नाही. आमची डोकीसुद्धा तिच्याच टेबलावर पॅक झालेली.

हा फिल्टर तिनेच भांडून आणला होता. प्रेसच्या हॉलमध्ये वाफेने माणूस निथळतो, पाणी सारखं लागतं. कंपनी बाटल्या द्यायची. त्यांचे बॉक्स गरम मशीनच्या कडेला पडून असायचे. पाणी कोमट, त्याला प्लॅस्टिकचा वास. मागच्या दारापाशी रिकाम्या बाटल्यांचा एवढा ढीग व्हायचा की दार अर्धंच उघडायचं. मावशीने सुपरवायझरचं डोकं खाऊन खाऊन बाटल्या बंद करवल्या आणि प्रत्येकाला घरून स्टीलचा पेला आणायला लावला. वर्षभर आम्ही ते पाणी प्यायलो. इतकंच नाही, काय गोड चव आहे म्हणून मिटक्या मारल्या. आता ती कँडल बघून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मावशी मात्र कँडलकडे बघतच नव्हती. ती वहिनीकडे बघत होती. वहिनी म्हणजे तिची सून, माझ्या शेजारच्या प्रेसवर असते. तिला आठवा महिना लागलेला. दिवस राहिल्यापासून मावशी तिला स्वतःच्या हाताने पेले भरभरून देत होती, नको म्हटलं तरी.

"मी काय पाजलं गं तिला?" मावशीने मला विचारलं.

डॉक्टरीण बाईंनी वहिनीला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण तपासायला पाठवलेल्या पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची सीलं वाकडी लागायला लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि तिला ते दाखवायची हिंमत कुणाला होईना. बाटल्यांचे बॉक्स पुन्हा मशीनच्या कडेला आले.

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा सुपरवायझरने स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "फिल्टरच्या आधीचं, थेट पाइपातलं पाणी अगदी चांगलं आहे. फिल्टरमधून येणारं पिऊ नका. त्यात जंतू वाढलेत. घातक नाहीत, पण साचलेल्या घाणीतले आहेत."

म्हणजे आत येताना पाणी चांगलं होतं आणि आम्ही ते गाळून नासवत होतो. एवढं भांडण, एवढा खटाटोप, आणि मुळात फिल्टरची गरजच नव्हती. मला हसावं की रडावं कळेना.

प्लंबरने फिल्टर काढून नळ सरळ मुख्य पाइपला जोडून दिला. रिपोर्ट सगळ्यांनी कानांनी ऐकलेला, तरी नळाकडे कुणी फिरकेना. दुपारी मावशीनेही वाकून बॉक्समधून बाटली उचलली. माझा विश्वासच बसेना. डोकंच फिरलं माझं.

"मावशी, पाणी चांगलंय. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. पाण्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

वहिनीने प्रेस बंद केली. पोट सांभाळत ती नळाशी गेली, पेला भरला आणि आणून सासूपुढे धरला.

"आई, आधी तुम्ही प्या. मग मी पिते."

"माझ्या सांगण्यावरून आता काही पीत जाऊ नकोस तू."

"तुमच्या सांगण्यावरून कुठे? मला तहान लागलीय. आणि ते बाटलीतलं गरम पाणी मला उतरत नाही."

हॉलमधल्या सगळ्या प्रेस थांबल्या होत्या. मावशीने बाटली खाली ठेवली. पेला दोन्ही हातांत घेतला. एक घोट घेऊन ती थांबली, आत काय होतंय ते ऐकत असल्यासारखी. मग डोळे मिटून तिने पेला रिकामा केला, नळाखाली विसळला, पुन्हा भरला आणि सुनेच्या हातात दिला.

"सावकाश पी," ती म्हणाली, आणि वहिनीचा शेवटचा घोट जाईपर्यंत तिथून हलली नाही.