गोधडीचा घास

संकटात माणसं देवावर रुसतात. मला तीही सोय नव्हती. देवीनं माझी वाचा नेली आणि ती का नेली हे मला चांगलं माहीत होतं. दवाखान्यात डॉक्टर फिल्म दाखवून मेंदूतली रक्ताची गाठ समजावून सांगत होते, आमचे हे मान हलवत होते, आणि मी पलंगावर पडल्या पडल्या मनात म्हणत होते, गाठ-बिठ काही नाही हो, हे वैशूचं आहे. वैशूचं माझ्याकडून फेडायचं राहिलं आहे.

आधी माझ्या जिभेविषयी सांगते. आमच्या घरी लग्न असो, बारसं असो की तेरवी, जेवणं झाली की बायका माझ्याभोवती सतरंज्या ओढायच्या. मी नकला करायचे. सासरे कसे खोकत उठतात, नणंद साडी घेताना कशी दुकान पालथं घालते, सगळं. तेरवीला आलेल्या लोकांना हसवणारी बाई म्हणून आमच्या सोयऱ्यांत माझं नाव होतं, आणि मला त्याचा ताठा होता. ह्यांचा बाळापूरजवळ फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती अकोल्याच्या बाजारात येते, दुकानात हार होतात. ते म्हणायचे, "मी फुलायचे हार करतो, तू लोकायचे करतं." मला ती शाबासकी वाटायची.

माझी लेक वैशू लहानपणी अडखळत बोलायची. मोठी होता होता तिनं ते एकटीनं, फार कष्टानं सुधारलं. मी तिला मदत केली असं म्हणवत नाही. उलट माझ्यात धीर नव्हता. तिचं वाक्य अर्ध्यावर आलं की मीच ते पुरं करून टाकायचे. तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात मी रंगात आले होते. समोर वैशूचे दर्यापूरचे सासरचे लोक बसलेले. आणि मी ती गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या वैशूला मी मीठ आणायला किराणा दुकानात पाठवलं. ती म, म, म करत उभी राहिली, आणि दुकानदार घाईघाईत एकेक पुडी बांधत गेला, मिरची, मसूर, मटकी, मोहरी. पोरगी रडत घरी आली ती पिशवीभर सामान घेऊन, फक्त मीठ नव्हतं. गोष्ट सांगताना मी तिचं ते म-म हुबेहूब करून दाखवलं. मांडव हसला. तिची सासू हसली. वैशू उठली, हात धुतले आणि बसस्टँडवर निघून गेली.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. रोज संध्याकाळी बापाला फोन करायची, माझं विचारायची, पण माझ्याशी बोलायची नाही. मीही हट्टी. आईनं लेकीची माफी मागायची का, ह्या विचारात दीड वर्ष घालवलं. आणि एका सकाळी चहा गाळता गाळता उजवा हात लुळा पडला, गाळणी खाली पडली, आणि मी "अहो" म्हणायला तोंड उघडलं तर अहो निघालंच नाही.

हात-पाय महिना-दीड महिन्यात बरेचसे परत आले. शब्द आले नाहीत. म्हणजे यायचे, पण चुकीचे. पाणी मागायचं तर "चप्पल" निघायचं. ह्यांनी एकदा खरंच चप्पल आणून दिली, आणि घरातले सगळे तोंड लपवून हसले. त्यांचा दोष नाही. त्यांच्या जागी मी असते तर तोंडही लपवलं नसतं. वैशू दवाखान्यात आली होती. पलंगाच्या पायथ्याशी तासभर उभी राहिली. मी तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणायला गेले आणि म्हणाले, "शेवंती." ती बाहेर गेली. तेव्हापासून मी तोंड मिटलं. शब्द शिकवणाऱ्या मॅडम सांगत होत्या, "काकू, रोज थोडं थोडं, घाई करू नका." मला थोडं थोडं नको होतं. मला एकदम सगळं पाहिजे होतं, नाहीतर काहीच नको होतं.

ह्यांनी माझ्यासाठी अंबादेवीला नवस बोलला होता. जीव वाचला म्हणून आम्ही ओटी भरायला अमरावतीला गेलो. मंगळवार होता, रांग मोठी होती. माझा पाय भरून आला, म्हणून हे ओटी घेऊन रांगेत राहिले आणि मला देवळाबाहेरच्या एका ओट्यावर बसवून गेले. तिथून मला देवी दिसत नव्हती. नुसता घंटेचा आवाज येत होता. मी डोळे मिटून मनात म्हटलं, माय, सगळं ठेव तुझ्याजवळ. फक्त वैशूला सांगण्यापुरते शब्द दे, मग खुशाल परत घे.

तेवढ्यात कोणीतरी माझा गुडघा हलवला. "सुई ओवून दे वं बाई. मले दिसत नाई."

शेजारी एक म्हातारी गोधडी पसरून बसली होती. मी नाही म्हणू शकले नाही, कारण नाही म्हणायलाही शब्द लागतो. उजवा हात थरथरत होता. सात-आठ वेळा दोरा सुईच्या नाकाला लागून माघारी आला. घरी असतं तर मी सुई फेकून दिली असती. म्हातारी मात्र अशी बसली होती, जणू सुई ओवायला एवढाच वेळ लागतो. शेवटी दोरा गेला. परत परत ओवायला नको म्हणून मी दोन्ही हात पसरून लांबच लांब दोरा ओढला, तर तिनं तो मधूनच दातानं तोडला.

"लांब घेतला का गुतते. हातभर घे. तो सरला का दुसरा. काहून घाई हाये?"

मग तिनं गोधडीचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. "घाल चार टाके. बसल्या बसल्या काय करतं?" मी घातले. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी मुकी का हेही नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाजवळ तरी बसले होते, आणि माझ्या बोलण्याची कोणी वाट पाहत नव्हतं की कीव करत नव्हतं. हे कुंकू घेऊन आले तेव्हा ती त्यांना एवढंच म्हणाली, "हात बसते बाईचा. घरी सुई द्या हिले."

परत येताना त्यांनी दोऱ्याची रिळं आणि सुयांचं पाकीट घेतलं. घरी ट्रंक उघडली. माझ्या आईचं विटलेलं लुगडं तळाला घातलं. वर वैशूचे फ्रॉक, शाळेचा निळा स्कर्ट, पहिल्या दिवाळीचं झबलं, ह्यांचे सदरे. काठापासून आत आत धावदोरा घालत निघाले. टाके किती वाकडे होते विचारू नका. हे चहाचा कप घेऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वैशूची माय, चालत्या बैलानं मुतलं वाटते." मी उसवलं. पुन्हा घातलं. दोरा जोरात ओढला की सगळी गोधडी चुणून यायची, सैल सोडला की टाका लोंबायचा. माझ्या रागाचा काही उपयोग नव्हता. कापड माझ्यावर रागवत नव्हतं, आणि ऐकतही नव्हतं.

हातभर दोऱ्यापुरता मी एकच शब्द घ्यायचा असं ठरवलं. हे कसं सुचलं ते सांगता येत नाही. सुई. सुई. सुई. दोरा संपला की दुसरा शब्द. निळा. झबलं. लुगडं. कधी शब्द यायचा, कधी नाही. नाही आला तरी टाका पडलेलाच असायचा. एका दुपारी दोन तास मान खाली घालून शिवलं, आज कशी सरळ रेघ आली म्हणून खूश झाले आणि उठायला गेले, तर गोधडी माझ्यासोबत उठली. पदर सगळा तिला शिवून टाकला होता. हे धावत आले.

"अवो बाप्पा! सोतालेच शिवून घेतलं काय?"

मी हसले. मोठ्यानं, पूर्वी हसायचे तशी. मग दोघं खाली बसलो. ह्यांनी कात्रीनं एकेक टाका कापला, आणि मी पाहत राहिले. मी स्वतःवर हसण्याचा तो पहिला प्रसंग होता, आणि तो तितका वाईट नव्हता.

गोधडी होत आली तेव्हा मी ती घेऊन ह्यांच्यासोबत पुन्हा अमरावतीला गेले. म्हातारी त्याच ओट्यावर होती. तिच्या लेकाचं तिथं नारळाचं दुकान होतं. मी तिच्या पाया पडले. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "कोण वं तू? मले याद नाई बाई. लय जणी बसतात इथं." मी किती दिवस मनात तिला पार देवी करून ठेवलं होतं, आणि तिला माझी ओळखसुद्धा नव्हती. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. तिनं माझ्यावर उपकार केला नव्हता. तिला सुई ओवून पाहिजे होती, एवढंच.

तिनं गोधडी उलटून पाहिली. "टाके वाकडे हायेत. पण मन लावून घातले. आता घास?"

तिकडची रीत तिनं सांगितली. शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. गोधडी उपाशी ठेवायची नाही. "कोणासाठी हाये?"

"ले... लेक."

"मंग तिच्याच हातानं घाल. तवर कोपरा उघडाच ठेव."

हे गोधडी घेऊन दर्यापूरला गेले. कोपरा उघडा, त्यात सुई टोचलेली, सुईत हातभर दोरा. घासाचं मी त्यांना खुणांनी आणि दोन-चार शब्दांनी समजावलं होतं, ते त्यांनी तिला सांगितलं. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आले. "ठेवून घेतली. चहा पाजला. बोलली काही नाई." अकरा दिवस गेले. आधीची मी असते तर तिसऱ्याच दिवशी मोटारीत बसून गेले असते. मी देवीपुढे दिवा लावून म्हटलं, माझा टाका घालून झाला, आता तुझं तू पाहा.

बाराव्या दिवशी दुपारी वैशू आली. खांद्यावर पिशवी, पिशवीत गोधडी. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, भाकरीचा तुकडा घेतला आणि माझ्यासमोर बसली. स्कर्टच्या निळ्या तुकड्यावरून हात फिरवला.

मी तोंड उघडलं. "म..." पुढं जाईना. "म... म..." हे दारातच उभे होते, माझी तगमग त्यांना पाहवली नाही. "मीठ पायजे? मिरची? वैशू, मायले मिरची दे."

वैशूनं मान वळवली नाही. "बाबा, थांबा. तिले म्हणू द्या."

ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली. माझ्या पोरीला बोलायला किती वेळ लागत असे, ते मला तेव्हा समजलं. तिनं एकही शब्द माझ्या तोंडात घातला नाही.

"मा... झं," मी म्हणाले. श्वास घेतला. "चु... कलं."

तिनं मान डोलावली. घास कोपऱ्यात ठेवला, सुई माझ्या हातात दिली, आणि मी टाके घालेस्तोवर कापड दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

आता मी पुष्कळ बोलते, पण सावकाश. लग्नाकार्यात बायका अजून गोष्ट मागतात. मी सांगते, पण माझीच सांगते, चपलेची, पदराची. मध्ये शब्द अडला की वैशू शेजारी असते, ती काही सुचवत नाही. गोधडी दर्यापूरला आहे. देवीपुढे बसले की पूर्वी माझी मागण्यांची यादी असायची. आता हात जोडते, आणि थांबते.