अदेने दाखवलेलं अस्मारा

ईदच्या सुट्टीत दोह्यातली मराठी मंडळी जॉर्जियाला जातात, नाहीतर बाकूला. दरवर्षी ग्रुपवर तीच केबल कार आणि तीच चीज भरलेली भाकरी बघून मी इतकी वैतागले होते की यंदा सरळ जाहीर केलं, मी अस्माराला चाललेय. "ते कुठे आलं?" हा प्रश्न विमानात बसेपर्यंत चालू होता. तर, एरिट्रियाची राजधानी. आफ्रिकेत, पण इतक्या उंचावर की जूनमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. दोह्यात जूनमध्ये गाडीच्या टपावर पापड भाजता येतात, तेव्हा जायला हे एवढं कारणही पुरलं असतं.

पण खरं कारण माझ्या शेजारच्या टेबलावर बसतं. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या आमच्या ऑफिसात तेक्ले इमारतींची ड्रॉइंग्ज काढतो आणि मी त्यात चुका काढते. तो अस्माराचा. लष्करी सेवा अर्धवट टाकून तो देशाबाहेर पडलाय, त्यामुळे परत गेला तर पुन्हा बाहेर पडता येईल याची खात्री नाही. आई तिथे एकटी राहते. नेट इतकं धीमं की व्हिडिओ कॉल होतच नाही, नुसता आवाज.

"फोनवर ती नेहमी फाइन असते," तो म्हणाला. "तू बघून ये आणि मला खरं सांग. एवढंच काम."

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: दोह्याहून थेट विमान नाही, बदलून जावं लागतं. व्हिसा आधी दूतावासातून घ्यावा, आणि तिथे घाई चालत नाही. आपलं कार्ड तिथे चालत नाही, डॉलर रोख न्या. शहराबाहेर जायला वेगळा परवाना लागतो. शाकाहारी लोकांनी बुधवार-शुक्रवार साधावा, त्या दिवशी तिथल्या ख्रिश्चनांचा उपास असतो, म्हणजे मांस-दूध वर्ज्य. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण, आणि तिच्यावर वाढतात ते शिरो म्हणजे चक्क पिठलं. मी तीन दिवस पिठलं खाल्लं आणि तक्रार केली नाही, हे माझ्या आईला खरं वाटत नाहीये.

पहिला दिवस मी एकटीच जुन्या भागात भटकले. इटालियनांनी आपल्या वसाहतीसाठी वसवलेलं हे शहर. गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, जहाजासारख्या खिडक्या, ताडाची झाडं, आणि कॅफेत सुटाबुटातले आजोबा. एक पेट्रोल पंप तर विमानाच्या आकाराचा आहे. त्याचे दोन लांबलचक काँक्रीटचे पंख एकाही खांबाशिवाय हवेत आहेत! माझा धंदाच असा की मी आधी खांब शोधले. सापडले नाहीत, तेव्हा पंखाखाली उभं राहून मनापासून नमस्कार केला. एवढ्या देखण्या रस्त्यावर मी बऱ्याच दिवसांत चालले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेक्लेच्या घरी गेले. त्याने बजावलं होतं, नावाने हाक मारू नकोस, 'अदे' म्हण, म्हणजे आई. अदे निवृत्त इंग्रजी शिक्षिका. ताठ मान, अंगावर पांढरी सुती शाल. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तेक्लेने पाठवलेले शूज छातीशी धरले आणि म्हणाली, "चल, फिरायला उशीर होतोय."

संध्याकाळी इथे सगळं शहर नटूनथटून मुख्य रस्त्यावर पायी फिरतं. ही सवय इटालियनांची, फक्त त्यांच्या काळात फिरायचे ते इटालियनच. अदेने माझा दंड धरला आणि शहर दाखवायला सुरुवात केली.

"हे सिनेमागृह. इथलं लाकूडकाम माझ्या वडिलांनी केलं. आत बसायची त्यांना परवानगी नव्हती. इटालियन गेले, तेव्हा वडील कोट घालून आले आणि मधल्या खुर्चीत बसले. सिनेमा काय होता, ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही."

मी हसले. मग म्हणाले, "इटालियनांनी बांधलं मात्र सुरेख."

"त्यांनी कागदावर काढलं," अदे म्हणाली. "बांधलं आम्ही."

मला दोह्यातले आमचे टॉवर आणि ते बांधणारे मजूर आठवले.

"आता वर बघ. पिस्ता रंगाची गॅलरी. कुंड्यांत लाल फुलं."

मी वर पाहिलं. रंग कधीच उडाला होता. गॅलरी बंद होती, कुंडी एकही नव्हती. म्हटलं, म्हातारं माणूस, जुन्या आठवणीत रमलंय. तेवढ्यात मलाच पायरीची ठेच लागली आणि पडता पडता तिनेच मला सावरलं.

कॅफेत कॉफी आली. किंमत आपल्या कडक चहाच्या जवळपास, चव मात्र भलतीच वरची. अदेने साखर घालण्याआधी बोटाने कपाची कड चाचपली. माझी आत्या मोतीबिंदू पिकल्यावर अगदी तसंच करायची. मी तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय होती.

"अदे, तुला दिसत नाहीये."

"उजेड दिसतो," ती शांतपणे म्हणाली. "रस्ता पाठ आहे. तेक्लेला सांगायचं नाही. सांगितलंस तर तो येईल. आणि आला तर मला मुलगा मिळेल आणि त्याचं आयुष्य खलास. शपथ घे."

शपथ मी घेतली नाही. पण मान हलवली. तिला ती दिसली नसेल, असं स्वतःला समजावत परत आले.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. आखातात आपण सगळेच फोनवर 'बरं आहे' म्हणतो, दोन्हीकडून. सांगावं तर हा तिकीट काढणार, न सांगावं तर ती आंधळी होणार. मला अदेचा भयंकर राग आला होता आणि तिच्यावर तितकंच प्रेमही.

रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तेक्ले माझ्याआधी ऑफिसात हजर.

"बोल. खरं."

"आधी कबूल कर, तू जाणार नाहीस."

त्याने कबूल केलं, मग मी सगळं सांगितलं.

"रस्त्यावर पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "तू तिला धरलंस ना?"

"तिने मला धरलं."

तो हसला आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडला. सगळ्या ऑफिससमोर. मीही.

त्यानंतर आम्ही डोकं चालवलं. तो आत जाऊ शकत नाही, पण तिच्या वयाच्या बाईला बाहेर पडायची परवानगी मिळू शकते. माझ्या भावाने पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. ऑपरेशनच्या वेळी तेक्लेही पुण्याला येणार, इन्शाल्ला. हे सगळं इथे लिहायला त्याची हरकत नाही.

अदेची आहे. मी फोन केला की ती शेजारणीकडे देते. त्या दगाबाज मुलीशी मी जन्मात बोलणार नाही, असा निरोप मला तेक्लेमार्फत मिळालाय. त्याच शेजारणीने काल सांगितलं, अदे सकाळी नवे शूज घालून, रस्त्याने एकटी जाऊन पासपोर्टचा फोटो काढून आली.